खुंटी रिकामी ठेवायची नाही

१

आमच्या बंधुसभेचा जन्म नेमका कसा झाला, या वादात आजवर सतरा चष्मे, दोन कवळ्या आणि एक ठरलेली सोयरीक मोडली आहे. मी थापाड्या म्हणून प्रसिद्ध आहे, तेव्हा चष्म्यांचा आकडा हवा तर निम्मा धरा. सोयरीक मात्र खरी. माझ्याच मावसबहिणीची होती.

बंधुसभा म्हणजे एक दगडी इमारत आणि तिच्यात चामडी एप्रन बांधून एकमेकांना 'बंधू' म्हणणारी, पन्नाशी उलटलेली आम्ही माणसं. भिंतीवर गवंड्यांची औजारं टांगलेली. ओळंबा, गुण्या, थापी. गवंडीकाम आमच्यापैकी एकालाही येत नाही. भिंतीत खिळा ठोकायचा तरी आम्ही माणूस बोलावतो.

सभा जुनी आहे, इथवर सगळे एकदिलाने. काढली कुणी, इथे बाह्या वर सरकतात. आमचे अध्यक्ष बांधकामाचे बडे कंत्राटदार. त्यांचं म्हणणं, राजाचे गवंडी किल्ल्याखालच्या भुयारात जमले, राजाने त्यांना स्वतःची मोजकाठी दिली आणि सभा जन्मली. चिटणीस म्हणजे निवृत्त इतिहासमास्तर. त्यांनी यावर जाडजूड ग्रंथच लिहिला. डॉक्टर, म्हणजे आमचे निवृत्त शस्त्रक्रियावाले, या ग्रंथाला उशी म्हणत. त्यांचा दावा असा, की बायकांनी घराबाहेर काढलेले पत्तेबाज दारूच्या गुत्त्यात जमले आणि त्यांनी ही सभा काढली. ती राजाची मोजकाठी म्हणजे त्या गुत्त्याच्या दाराचा अडसर.

काठी कसली, सोटाच. माणसाहून लांब, मनगटाएवढा जाड, तेल पिऊन काळा झालेला. अध्यक्षांच्या खुर्चीच्या वर दोन खुंट्यांवर तो मिरवायचा. यंदाच्या वर्धापनदिनी वाद कायमचा मिटवायचा म्हणून चिटणिसांनी संग्रहालयातल्या लाकूडतज्ज्ञ बाईंना बोलावलं होतं. ग्रंथावर त्यांचा एवढा विश्वास. बाई दुपारनंतर येणार आणि काठी तपासणार. तीही बाहेरच्या ओसरीत, कारण बाईमाणसाने सभागृहाचा उंबरा ओलांडायचा नाही असा आमचा नियम. हाही नियम राजाचाच, असं ग्रंथात आहे.

त्या सकाळी मी सभागृहात शिरलो, खुर्चीच्या वर पाहिलं आणि जागीच थांबलो. दोन खुंट्यांवर झरोके उघडायची हिरवी काठी टांगलेली होती. आकड्याची, किरकोळ, रंग उडालेली. मोजकाठी गायब.

मी ओरडलो. अध्यक्ष धावत आले, त्यांनी वर पाहिलं आणि विचारबिचार काही न करता बोट रोखलं ते राखणदारावर.

"हाच! परवा डॉक्टरांना काय सांगत होता? म्हणे काठी आमच्या लोकांची आहे, आमच्या मढ्यांची आहे! तुझ्या लोकांची? चुनाभट्टीवाल्यांची?"

राखणदार इमारतीच्या मागच्या खोलीत बायकापोरांसह राहायचा. सभा झाडायची, कुलूप लावायचं, आमचे बूट पुसायचे. सभासद नव्हता, राखणदाराला सभासद करत नाहीत.

"मी नाही घेतली, साहेब."

"संध्याकाळच्या सोहळ्याआधी काठी जागेवर आली नाही, तर तू चौकीत आणि तुझं बिऱ्हाड रस्त्यावर. खोली आजच्या आज रिकामी. भांडंकुंडं, दांडी-दोरी, काहीसुद्धा मागे राहता कामा नये."

राखणदाराने मान वर केली आणि अध्यक्षांकडे पाहिलं. त्या नजरेत भीती शोधून सापडली नसती. कीव होती.

२

मी थेट वहिनींकडे गेलो. थोरल्या भावाची बायको. निवृत्त फौजदार. त्या रागावल्या की चुलीवर न ठेवता चहा उकळतो, असं मी सांगतो आणि लोक हसतात. ज्यांनी तो चहा प्यायलाय ते हसत नाहीत.

"राखणदारावर?" त्या उठल्याच. "भाऊजी, तुमचे भाऊ गेले तेव्हा खांद्याला चौथा माणूस मिळत नव्हता. तुम्ही होतात, माझे दोन भाऊ होते. चौथा कोण आला?"

"राखणदार."

"आणि तुमचे बंधू?"

त्या दिवशी सभेची बैठक होती. विषय, राजा की गुत्ता.

"चला," वहिनी म्हणाल्या, आणि पायातल्या चपला त्यांनी इतक्या जोरात वाजवल्या की वाटेतली कुत्री बाजूला झाली.

सभागृहाच्या उंबऱ्यावर चिटणीस आडवे आले. "बाई, क्षमस्व, पण परंपरेनुसार—"

"मास्तर, बाजूला व्हा. चोरी झालीय. चोराने परंपरा विचारली होती का?"

आणि त्या आत गेल्या. चपलांसकट. मला वाटलं, आता छत कोसळणार. छताला काही वाटलं नाही.

वहिनींनी अध्यक्षांच्याच खुर्चीत बसून अध्यक्ष, चिटणीस आणि डॉक्टर या तिघांना समोर उभं केलं.

चिटणीस कपाळ पुसत म्हणाले, "काल संध्याकाळी आम्ही तिघे तयारीला होतो. सतत ये-जा. मी सोहळ्याचा फलक आणला, त्याच्या बांबूसकट गुंडाळून दारात ठेवला आणि खुर्च्या मांडायला गेलो. काठी तेव्हा होती. नंतर मी पाहिलं नाही."

"पाहिलं नाही कसं? कुणी डोळे फोडले होते?" डॉक्टर फिसकारले. "बाई, सरळ आहे. तपासणी झाली असती तर यांचा ग्रंथ रद्दीत गेला असता. यांनीच लपवली."

"आणि तुमचा गुत्ता?" चिटणीस किंचाळले. "तो काय टिकणार होता? तुम्हीच लपवली!"

"गप्प!" वहिनी गरजल्या. "तो फलक कुणी टांगला?"

समोरच्या भिंतीवर, दोन खिडक्यांच्या मध्ये, लांबलचक कापडी फलक होता. 'राजगवंड्यांची बंधुसभा'. वरच्या नेफ्यात दांडा ओवलेला आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या खिडक्यांच्या गजांना बांधलेल्या. एवढा रुंद फलक, पण मध्ये जराही झोळ नव्हता. पट्टी धरल्यासारखा ताठ.

"राखणदाराने टांगला असणार," चिटणीस म्हणाले.

"असणार," डॉक्टर म्हणाले.

अध्यक्ष नुसते हसले. "दोऱ्या ओढायला माणसं ठेवलीत आम्ही. बाई, आमच्या घराण्यात सात पिढ्या नकाशे काढले गेले. हाताला चुना कुणी लागू दिला नाही. तुम्ही उगाच वेळ घालवताय. चोर मागच्या खोलीत आहे."

वहिनी खिडकीपाशी गेल्या. गजावरची गाठ त्यांनी नाकाला टेकेल इतक्या जवळून पाहिली. दोन वेढे, आणि टोक वरून न गुंडाळता खालून आत खुपसलेलं. गाठ म्हणावी अशी गाठच नव्हती, पण त्यांनी दोरी ओढली तशी ती आणखी आवळली.

"हं," त्या म्हणाल्या. "आता मागची खोली दाखवा."

३

खोली एवढीशी. आत शिरताना वहिनींचं डोकं कपडे वाळत घालायच्या दांडीवर खाडकन आपटलं.

"अगं बाई! ताई, लागलं का?" राखणदाराची बायको पुढे आली. डोळे रडून सुजलेले, पण आवाजाला धार. एका बाजूला तिने गाठोडी बांधायला घेतली होती. "सगळ्यांनाच लागते मेली. सासूबाईंच्या आधीपासूनची आहे. हलत नाही, वाकत नाही. दहा गोधड्या ओल्या घाला."

दांडीवर चादरी, सदरे, पोरांचे कपडे ओळीने. दोन्ही टोकांना दोऱ्या, वर तुळईला बांधलेल्या. वहिनी कपाळ चोळत वर पाहत राहिल्या. मीही पाहिलं.

दोन वेढे. टोक खालून आत खुपसलेलं.

"ही गाठ कुणाची?"

"माझी," राखणदार म्हणाला. "परांचीची गाठ, ताई. आमचे आजोबा इमारतींना बांबूच्या परांच्या बांधायचे. आमच्या घराबाहेर कुणाला येत नाही."

"काल फलक तू टांगलास?"

"नाही. कुलूप लावायला गेलो तेव्हा टांगलेलाच होता."

"मग त्याला तुझ्या घरची गाठ कशी?"

राखणदाराचा चेहरा उतरला. तो बायकोकडे बघेना, वहिनींकडे बघेना.

"बोला की!" बायको कडाडली. "अहो, पोरं रस्त्यावर येतील!"

"मी आईला शब्द दिलाय," तो म्हणाला. एवढंच.

बाहेर आल्यावर मी हळूच म्हटलं, "वहिनी, मग... यानेच?"

"गाठ तर तेच सांगतेय," वहिनी म्हणाल्या. फौजदारकीत असताना निरपराध माणूस आत टाकावा लागला की त्यांचा आवाज असाच व्हायचा, असं भाऊ सांगायचा.

४

खोली आणि सभागृह यांमधल्या बंद बोळात उकाडा होता. "जरा झरोका उघड रे," वहिनींनी राखणदाराला सांगितलं.

झरोक्याची काठी बोळातल्या खुंटीवर असायची. तो सवयीने गेला, हात घातला आणि थबकला. "अरेच्चा. इथे हा बांबू कुणी ठेवला?"

हिरवी काठी आत खुर्चीच्या वर टांगलेली, हे सकाळच्या गोंधळात तो विसरला होता. खुंटीवर तिच्या जागी बारीक पिवळा बांबू. त्याने तोच घेतला आणि टोकाने झरोका ढकलायला लागला.

वहिनी झरोक्याकडे बघत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"भाऊजी, तुम्ही आता काय केलंत?"

"मी? काही नाही."

"तुमची छत्री कुठे आहे?"

छत्री खुंटीवर होती. राखणदाराने बांबू उचलला होता, त्याच रिकाम्या खुंटीवर. मी ती तिथे कधी टांगली, मला आठवेना.

"का टांगलीत?"

"सवय."

"कसली सवय?"

"ते सांगता येत नाही, वहिनी. शपथ आहे."

"भाऊजी."

त्यांनी फक्त एवढंच म्हटलं. मी बंधुसभेची शपथ वीस वर्षं पाळली होती. ती संपायला एक शब्द पुरला. "औजार उचललंस तर त्याच्या जागी दुसरं ठेव. खुंटी रिकामी ठेवायची नाही. पहिल्याच दिवशी घेतात ही शपथ. रिकाम्या खुंटीवर मरण येऊन बसतं, असं म्हणतात. मग हातालाच सवय लागते. घरीसुद्धा मी टोपी काढली की खुंटीला पिशवी लावतो, बायको चिडते."

"ही शपथ राखणदाराला ठाऊक आहे?"

"छे! शपथेच्या वेळी त्याला बाहेर काढतात."

राखणदार बांबू हातात धरून उभा होता. त्याच्या मनात खुंटी आलीसुद्धा नव्हती.

वहिनींच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला हसू म्हणत नाहीत. मांजराला उंदराचं शेपूट दिसतं तेव्हा ते येतं.

"चोराने मोजकाठी काढली आणि तिच्या जागी झरोक्याची काठी ठेवली. लपवण्यासाठी? आंधळ्यालाही कळेल असा बदल! नाही. त्याचा हात खुंटी रिकामी ठेवू शकला नाही. मग झरोक्याच्या काठीची खुंटी रिकामी झाली, तिथे त्याने हा बांबू ठेवला. आता सांगा, हा बांबू कुठला?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागतो, पण पडला. चिटणिसांनी काल फलक आणला होता. त्याच्या बांबूसकट.

"म्हणजे फलकाच्या नेफ्यात..."

"श्श. एवढा लांब सोटा कुणाला न दिसता रस्त्यावरून नेता येत नाही. सोहळा होईपर्यंत नेफ्यात, नंतर फलकासकट गाडीत. चोर बंधू आहे, आणि त्याला परांचीची गाठ येते. राखणदाराच्या घराबाहेर कुणाला न येणारी." त्यांनी पदर खोचला. "मला सुतळी द्या."

५

सोहळ्याची वेळ होत आली होती. सभागृहात बंधू जमले होते. लाकूडतज्ज्ञ बाई ओसरीत ताटकळत होत्या आणि आपल्याला बाहेर का बसवलं हे दर दोन मिनिटांनी चढत्या आवाजात विचारत होत्या.

वहिनींनी अध्यक्ष, चिटणीस आणि डॉक्टर यांना पुढे बोलावलं. "काठी तेल प्यायलेली आहे. ज्याने कवटाळून नेली त्याच्या एप्रनला डाग असणार. तिघांनी आपापला एप्रन काढा, घडी घाला, या सुतळीने स्वतः बांधा आणि माझ्या हातात द्या. तपासायला पाठवते."

"हा अपमान आहे!" अध्यक्ष लाल झाले.

"सकाळी तुम्ही एका माणसाचं घर मोडायला निघालात, तो काय सत्कार होता? बांधा!"

तिघांनी रागारागाने बांधले. चिटणिसांचं गाठोडं बुटाच्या नाडीसारखं, दोन कानांचं. डॉक्टरांनी एका हाताने बारीक टाका घातल्यासारखी गाठ मारली. अध्यक्षांनी सुतळीचे दोन वेढे घेतले आणि टोक खालून आत खुपसलं.

त्यांनी गाठोडं पुढे केलं. वहिनींनी घेतलं नाही. नुसतं त्या गाठीकडे बघत राहिल्या. अध्यक्षांनीही खाली पाहिलं. स्वतःच्या हातांकडे इतक्या तिरस्काराने बघणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

"भाऊजी, फलक उतरवा."

मी दोरी सोडली. फलक खाली आला, आणि कापड नव्हे, घण पडावा असा दणका झाला. नेफ्यातून काळा सोटा घरंगळत अध्यक्षांच्या पायाशी गेला.

सभागृहात एकच कल्ला. अध्यक्षांचा आवाज त्यावर चढला. "मी सांभाळून ठेवली होती! या माणसापासून!"

"म्हणून याला चौकीत पाठवत होतात?" वहिनी दोन पावलं पुढे आल्या. "आणि ही गाठ? सात पिढ्या नकाशे काढणाऱ्यांच्या हातात परांचीची गाठ कुठून आली?"

उत्तर आलं ते दारातून.

"सांगा की!" राखणदाराची बायको उंबऱ्यावर उभी होती. "शब्द यांनी दिलाय सासूबाईंना, मी नाही दिला. सख्खे चुलतभाऊ आहेत दोघं! एका गोधडीत वाढले. माझ्या सासूबाईंच्या हातचं खाऊन हे साहेब शिकले, मोठे झाले, आडनाव बदललं, आणि इथे आल्यावर भावाला बूट पुसायला ठेवलं. सासूबाई मरताना म्हणाल्या, त्याची लाज उघडी करू नकोस. यांनी केली नाही. आणि यांनाच चोर ठरवता?"

६

लाकूडतज्ज्ञ बाई या गोंधळात कधी आत आल्या, कुणालाच कळलं नाही. त्या जमिनीवर बसून सोट्यावरून बोटं फिरवत होत्या.

"ही मोजकाठी नाही," त्या म्हणाल्या. "मोजायची एकही खूण नाही. अडसरही नाही, अडसर जिथे दाराला घासतो तिथे झिजतो. हा दोन्ही टोकांना, एकाच बाजूने झिजलाय. माणसांच्या खांद्यांनी. आणि मध्ये ओळीने दोऱ्यांचे वळ आहेत."

"पालखी!" चिटणिसांनी उडी मारली. "राजाची पालखी! मी म्हणतच होतो!"

आणि काय सांगू, निम्म्या बंधूंनी टाळ्या वाजवल्या. राजाची काठी जाऊन राजाची पालखी आली होती. राजा शाबूत होता.

वहिनी एक शब्द न बोलता मागे गेल्या. पोरं ओरडल्याचा आवाज आला, काहीतरी धबाधबा पडलं. परत आल्या तेव्हा त्यांच्या आणि राखणदाराच्या बायकोच्या खांद्यावर ती कपडे वाळत घालायची दांडी होती. ओली, काळी, माणसाहून लांब. त्यांनी ती सोट्याशेजारी आपटली.

जुळी भावंडं. दोऱ्यांचे वळ वळांसमोर. झीज झिजेसमोर.

"मास्तर," वहिनी म्हणाल्या, "पालखीला दांडा एक असतो. दोन दांडे कशाला असतात?"

डॉक्टरच म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात. "तिरडीला."

"बोल आता," वहिनी राखणदाराला म्हणाल्या.

"चुनाभट्टीवर कामाला लांबून आलेली माणसं असायची, ताई. एकटी. मेली की उचलायला कुणी नसायचं. मग आमच्या पणज्याने आणि बाकीच्यांनी मंडळ केलं. कुणीही मेला तरी चौघांनी जायचं. एक दांडा मंडळाकडे, तोच हा, आणि एक आमच्या घरी, म्हणजे न विचारता कुणी नेऊ नये. आजोबा एवढंच सांगायचे."

म्हणूनच अध्यक्षांना खोली आजच्या आज रिकामी हवी होती. दांडी-दोरीसकट. या दोन दांड्यांची गाठ पडली असती तर सात पिढ्यांचे नकाशे एका दुपारी पुसले गेले असते.

"खुंटी रिकामी ठेवायची नाही," वहिनी म्हणाल्या. आमची गुप्त शपथ त्यांच्या तोंडून ऐकून बंधू दचकले. मी छताकडे पाहिलं. "तुम्हाला वाटलं ही औजारांची गोष्ट आहे? अरे, ती माणसांची होती! एक गेला तर त्याच्या जागी दुसऱ्याने उभं राहायचं. माझा नवरा तुमच्यात वीसहून जास्त वर्षं बंधू होता. तो गेला तेव्हा तुम्ही इथे बसून ठरवत होतात, की आपण राजाचे की दारुड्यांचे. ज्याला तुम्ही शपथ दिली नाहीत तो एकटा आला. तुमची सभा कुठे जन्मली ते आज कळलं. कुठे मेली ते मला तेव्हाच कळलं होतं."

अध्यक्षांनी गाठोडं खुर्चीवर ठेवलं आणि दाराकडे निघाले. राखणदार वाटेत उभा होता.

"दादा," तो म्हणाला, "घरी ये. जेवून जा."

"ताट मी वाढणार नाही," त्याची बायको म्हणाली.

अध्यक्ष थांबले नाहीत. पुन्हा सभेत आलेही नाहीत.

लाकूडतज्ज्ञ बाई दोन्ही दांडे तपासायला घेऊन गेल्या. गाडीवर ते बांधले राखणदाराने. गाठ कुठली ते सांगायला नको. गाडी गेल्यावर त्याची बायको ओल्या कपड्यांचा ढीग कवेत घेऊन सभागृहाच्या दारात आली.

"माझी दांडी नेलीत," ती म्हणाली. "आता हे मी कुठे वाळत घालू?"

वहिनींनी खुर्चीच्या वर बोट दाखवलं. हिरवी काठी अजून तिथेच होती, दोन खुंट्यांवर.

तेव्हापासून तिथे चादरी वाळतात. पाणी थेंब-थेंब अध्यक्षांच्या खुर्चीत पडतं, म्हणून नवा अध्यक्ष मिळत नाही. पुष्कळ बंधूंना ते कपडे काढून टाकायचे आहेत, तशी सूचनाही मांडली जाते. पण त्यासाठी आधी दोन खुंट्या रिकाम्या कराव्या लागतील, आणि तेवढी छाती एकाचीही होत नाही. मी थाप मारतोय असं वाटत असेल तर एकदा येऊन त्या खुर्चीत बसा. टॉवेल मात्र घरून आणा.